कॅसेटीत सापडलेली आई

आमच्या घरात खोटं बोलायची मुभा फक्त अण्णांना होती. बाकीच्यांनी बोललं की ते खोटं, आणि अण्णांनी बोललं की ती घराची अब्रू. अण्णा गिरणीत जॉबर होते, म्हणजे एका खात्यातल्या सगळ्या मागांवर आणि ते चालवणाऱ्या माणसांवर त्यांची नजर. चाळीत कुणाचं भांडण झालं, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, की माणसं आमच्याकडे यायची. अण्णा पांढराशुभ्र सदरा घालून कॉटवर मांडी ठोकून न्यायनिवाडा करायचे आणि माणसं "अण्णांच्या शब्दाभाईर न्हाय आमी" म्हणून चहा पिऊन जायची. त्याच कॉटच्या मागच्या भिंतीशी आई कितीदा गाल धरून बसलेली असायची, ते त्या माणसांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काय झालं असतं म्हणा. हे 'म्हणा' मला शाळकरी वयात कळायला नको होतं, पण कळलं, आणि तेव्हापासून माणसांच्या न्यायावरचा माझा विश्वास जो उडाला तो परत बसला नाही.

दोन खोल्यांचं घर. पहाटेचा भोंगा झाला की आधी अण्णांचा खाकरा, मग स्टोव्हची पिन मारल्याचा आवाज, मग भाकरी थापायचा. पलीकडच्या खोलीत नरसम्मा राहायची. ती पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांतली, घरात टॉवेलचा माग, आणि तो माग आमच्या भिंतीला पाठ लावून असल्यामुळे आमची भांडी दिवसभर फळीवर बारीक बारीक थरथरायची. दुपारी आई उखळात शेंगाची चटणी कुटायची, ती तेल सुटेपर्यंत कुटली नाही तर अण्णा वाटी सरकवून द्यायचे. जेवायचा क्रम ठरलेला. आधी अण्णा, मग आम्ही दोघी बहिणी, मग आई. आई जेवताना दाराकडे पाठ करून बसायची. बाईनं खाताना दिसू नये, असं तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. सासू जाऊन वर्षं लोटली तरी आईची पाठ दाराकडेच. अवचित पाहुणा आला आणि भाकरी कमी पडली, की "माझं झालं की मगाशीच" असं ती म्हणायची. घरातलं हे एक खोटं तेवढं तिला माफ होतं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. आता मागे वळून आठवायला गेलं तर आईचा तोंडात घास घेतानाचा चेहरा मला एकदाच दिसलेला आहे, आणि तोही टीव्हीवर.

माझी मोठी बहीण सुमन, तिला मी अक्का म्हणते. तिला कुर्डुवाडीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात कामाला, म्हणून अण्णा हवेतच तरंगत होते. रेल्वेचा जावई म्हणजे काय साधी गोष्ट होती का! त्या आनंदात त्यांनी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग ठरवलं. तोवर आमच्या चाळीत कुणाच्या लग्नाची कॅसेट झालेली नव्हती. सलीमभाईंचं व्हिडिओचं दुकान बाजारात होतं. त्यांना अण्णांनी घरी बोलावून बजावलं, "विहिणींच्या पंगतीचं समदं घ्या. काय काय केलंय ते दिसलं पायजे. उद्या कोण म्हणाया नको, मानपानात कमी पडले म्हणून."

विहिणींची पंगत हे आमच्याकडे मोठं प्रकरण. मुलीचे आईबाप कन्यादान होईपर्यंत उपाशी असतात, हे सगळीकडेच आहे. आमच्यात आणखी एक गाठ मारलेली होती. कन्यादान झालं तरी मुलीच्या आईनं खायचं नाही. मुलाकडच्या बायका पंगतीला बसणार, ती वाढणार, त्यांची जेवणं उरकणार, मग मुलाची आई म्हणणार, "आता तुमी जेवा, विहीणबाई." तेव्हा हिनं तोंडात पाणी घालायचं. त्याआधी तिनं काही खाल्लं तर विहिणींना उष्टं वाढल्यासारखं. बुंदी बाकीच्या मांडवाला, पण विहिणींसाठी तुपातले बुंदीचे लाडू वेगळे. ते परातीत रचून, वर धुतलेलं फडकं घालून कार्यालयाच्या मागच्या पडवीत ठेवलेले.

माझ्याकडे आता शिकवणीला पोरं येतात. परवा त्यांच्यातल्या एकानं दुसऱ्याच्या डब्यातला चिवडा खाल्ला आणि तिसऱ्यानं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. लगेच सगळी ओरडायला लागली, "फोर के मध्ये सापडला! फोर के मध्ये सापडला!" मी विचारलं, हे काय रे? तर म्हणाली, "म्हणजे मॅडम, एकदम स्वच्छ पुरावा. आता नाही म्हणायची सोयच नाही. विषय संपला." पोरं हसत होती, चिवडा खाणाराही हसत होता. मला मात्र हसू आलं नाही. विषय संपला म्हणे! पुराव्यानं विषय संपतो असं ज्यांना वाटतं त्यांचं नशीब चांगलं. एकाच पुराव्यात दोन माणसं सापडली तर गुन्हेगार कोण, हे कॅमेरा ठरवत नाही. ते बघायला बसलेली माणसं ठरवतात.

लग्न नेहमीसारखंच लागलं, म्हणजे उशिरा, घामात आणि रुसव्याफुगव्यांत. वरात कार्यालयाच्या दारात नाचत राहिली ती राहिलीच. आई पहाटेपासून उपाशी. पंगत वाढायला उभी राहिली तेव्हा तिचा एक गाल लालभडक दिसत होता. मी विचारलं तर म्हणाली, "आचाऱ्याच्या चुलीपाशी हुते न्हवं." मी मानलं. पोरींना आईचं सगळं मानायची सवय असते.

पाचपरतवणाला अक्का माहेरी आली. तिला न्यायला चार दिवसांत येतो म्हणालेले कुणी आलेच नाहीत. आठवडा गेला, आणखी एक गेला. मग एका नातेवाइकाकडून निरोप आला. दाजींच्या आत्यानं म्हणे लग्नात मागच्या पडवीत आमच्या आईला पदरानं तोंड पुसताना पाहिलं होतं. पंगत बसायच्या आधी. निरोप असा होता, "आमी उष्टं खाणारी माणसं न्हाय. तुमची लेक तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"देवाशपथ सांगते, एक कण पोटात गेला न्हाय माझ्या," एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. अक्का भिंतीला टेकून बसलेली, मेंदी अजून हातावर. नव्या नवरीला नवऱ्यानं टाकलं, ते आईच्या जिभेपायी, असं चाळीत बोललं जाणार, ही भीती आईच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. ती भाकरी थापता थापता थांबायची आणि तव्यावरची करपायची. अण्णा मात्र गडगडले, "माझ्या घरातली बाई असलं करणार न्हाय! कॅसेट येऊ द्या. सगळ्यांना बोलवून दावतो. कॅसेटीत काय खोटं दिसत न्हाय." मला त्या दिवशी अण्णांचा फार अभिमान वाटला. आईच्या बाजूनं ते उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघत होते. ते कशाच्या भरवशावर बोलत होते हे मला पुढे कळलं. कॅमेरा मांडवात होता, मागच्या पडवीत कोण येतंय शूटिंगला, असा त्यांचा हिशेब होता. विहिणींच्या पंगतीचं समदं घ्या, असं आपणच बजावलं होतं, हे ते विसरले होते.

कॅसेट आली त्या रविवारी अण्णांनी भाड्यानं व्हीसीआर आणला. कुर्डुवाडीहून विहीणबाई, दाजी आणि ती आत्या आली. टीव्ही कॉटवर ठेवला, दारं-खिडक्या चाळीतल्या माणसांनी भरल्या. आईनं सगळ्यांना शेंगापोळ्या आणि चहा दिला आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. अक्का तिच्या मागे. हळद झाली, वरात झाली, मंगलाष्टकं झाली. प्रत्येक जण स्वतःला शोधत होता. मग चित्र बदललं आणि मागची पडवी आली. सलीमभाईंनी परात दाखवायला कॅमेरा तिकाटण्यावर लावला होता आणि तो चालू ठेवून ते बहुधा चहा प्यायला गेले होते. वर सनईची एक धून जोडलेली. परात, फडकं, मागे पाण्याचं पिंप. आई आली. फडकं नीट केलं. इकडेतिकडे पाहिलं, पिंपाला हात टेकून क्षणभर डोळे मिटले. मग फडक्याखाली हात घातला, लाडू काढला आणि तोंडात घातला. उपाशी माणूस जसा घालतो तसा, अख्खा. तेवढ्यात उजवीकडून अण्णा आले. आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरात, की ती पिंपावर आदळली आणि आमच्याकडे पाठ करून वाकली. अण्णा सदऱ्याची बाही सारखी करून निघून गेले. सनई चालूच होती.

मला वाटलं, आता होणार. आता अण्णा सापडले. चाळीतली झाडून सगळी माणसं समोर आहेत, आता यांच्यातलं कुणीतरी म्हणणार, अहो, हे काय केलंत? मी खरोखर वाट बघत होते.

"बघितलं?" दाजींची आत्या मांडीवर थाप मारून म्हणाली. "खाल्ला की लाडू! मी काय खोटं बोलत हुते?"

"मागं घ्या," विहीणबाई म्हणाल्या. "परत लावा."

नरसम्मा खिडकीतून बोलली, "अय्यो, किती जोरात मारला की ओ बाईला! उपाशी बाई ती!"

"ते असू दे ओ," कुणीतरी तिला दटावलं. "आधी हे बघू द्या."

चित्र मागे गेलं. आई पिंपावरून सरळ झाली, लाडू तोंडातून बाहेर आला, परातीत गेला. मग पुन्हा सगळं पुढे. पुन्हा लाडू. आत्या म्हणाली, "हितं थांबवा!" आणि दाजींनी बटण दाबलं. पडद्यावर आई लाडू तोंडाशी धरून थरथरत उभी, अंगावरून पांढऱ्या रेघा चाललेल्या. जो तो पुढे सरकून बघत होता. लाडूच आहे ना? लाडूच आहे. नंतर त्यांनी आणखी कितीतरी वेळा ते मागेपुढे केलं, पण दर वेळी लाडवापाशीच थांबवलं. त्यापुढचं बघायची कुणाला गरजच वाटली नाही. ते त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं, आणि ते त्यांना दिसलंच नाही. आणि माझी आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही.

आणि अण्णा? मघाशी ते खाली बघत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला कुणी काही विचारतच नाही. हळूहळू त्यांची मान वर आली. ते म्हणाले, "मी तितल्या तितंच शिक्षा केली हुती, विहीणबाई. तुमी बघितलंच. तुमच्या मानासाठीच केली."

"ते बघितलं की, इवाई. तुमचा काय दोष न्हाय," विहीणबाई म्हणाल्या. "बाईनं समजून ऱ्हायला पायजे."

महिनाभर "माझ्या घरातली बाई असलं करणार न्हाय" म्हणणाऱ्या अण्णांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं, हेही कुणाला खटकलं नाही. आईनं पुढे होऊन विहीणबाईंचे पाय धरले. "चुकले मी. माझ्या चुकीची शिक्षा माझ्या पोरीला नको," म्हणाली. विहीणबाईंनी तिला जरा वेळ वाकूनच राहू दिलं आणि मग म्हणाल्या, "उठा. सुमे, पिशवी भर तुझी."

अक्का हलली नाही. ती दाजींकडे बघत होती. दाजी व्हीसीआरची वायर काढता काढता अण्णांना म्हणत होते, "मामा, हात लई झटकन चालतुय की तुमचा!" चेष्टेनंच, पण कौतुकानं. आणि अण्णा हसले. सासरा-जावई पहिल्यांदाच असं मोकळं हसले असतील. अक्का आत गेली आणि तिनं पिशवी भरली. जाताना माझ्या हाताला घट्ट धरून एवढंच म्हणाली, "शाले, तू शिक. लई शिक." मी शिकले, नोकरी केली, लग्न केलं नाही. लोक मला विचारत राहिले, का नाही केलंस? मी निरनिराळी उत्तरं दिली.

सगळे गेल्यावर आई भांडी घासत होती. मी तिच्यावरच चिडले. "त्यांनी तुला मारलं, तेबी दिसलं की सगळ्यांना! तू काय बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? चूक माझी हुती. अजून घटकाभर दम निघाला असता तर काय झालं असतं?" मग राख लावलेला हात तसाच धरून ती म्हणाली, "पन मी खोटं बोलले न्हवते गं. लाडू गिळलाच न्हवता. त्यांनी मारलं तवा तोंडातच हुता. पदरात थुकला मी. एक कण पोटात गेला न्हाय."

म्हणजे आत्यानं पाहिलेला पदर तो. कॅसेटीत ते दिसलं नव्हतं, कारण आईची पाठ होती. मी म्हणाले, मग सांगितलं का नाहीस? आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बावळट आहे. पुढ्यात एवढं स्वच्छ चित्र चालू असताना एका बाईच्या तोंडी शब्दाला कोण विचारणार होतं? तिला ते माझ्या आधी कळलं होतं. त्या रात्री मी अण्णांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

चार-आठ दिवसांनी अण्णा मला वह्या घ्यायला बाजारात घेऊन गेले आणि वाटेत सलीमभाईंच्या दुकानात शिरले. कॅसेट काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्यातलं थोडं कापायचंय."

सलीमभाई ओशाळले. त्यांनी कॅसेट हातात घेतली. "मेरीच गलती हुई अण्णा. क्यामेरा चालू रह गया. मारे सो काट देतूं मैं. पैसे नको."

"मारल्यालं कुटलं?" अण्णा खरंच गोंधळले होते.

"वो… भाभीकू मारे सो. परातके बाजू."

"ते काय करायचंय कापून? ते ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "तिनं लाडू खाल्ल्यालं काढा. लेकीच्या लग्नाची कॅसेट हाय, चार माणसं बघणार. घराची अब्रू जातीय."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहून घेतलं. काम त्यांनी सांगितलं तेवढंच केलं, अगदी सफाईनं. आता त्या कॅसेटीत आई येते, फडकं नीट करते, पिंपाला हात टेकून डोळे मिटते, आणि अण्णा येऊन तिच्या थोबाडीत मारतात. मधे काही नाही. पुढे वर्षानुवर्षं पाहुणे आले की अण्णा ती कॅसेट लावायचे आणि पंगत आली की "विहिणींचं जेवन बघा आता" म्हणून सावरून बसायचे. पाहुणे बघायचे, लाडवांची परात वाखाणायचे. एकानंही कधी काही विचारलं नाही. आई तेव्हा चहा ठेवायला आत गेलेली असायची.

आई गेली, मागोमाग अण्णाही गेले. अक्काच्या मुलानं ती कॅसेट कुठूनतरी मोबाइलवर उतरवून आणली आणि मध्यंतरी मी कुर्डुवाडीला गेले होते तेव्हा मोठ्या टीव्हीवर लावली. अक्का खाली बसून मेथी निवडत होती. दाजी खुर्चीत पेपर वाचत होते. अक्काची नात टीव्हीच्या अगदी पुढ्यात. वरातीला हसली, आमच्या झिपऱ्यांना हसली. मग पडवी आली. तिनं रिमोट घेऊन मागे घेतलं, परत पाहिलं. लाडूच नव्हता, त्यामुळे तिनं बरोबर मारल्यावरच थांबवलं. एवढ्या वर्षांत त्या जागेवर चित्र थांबवणारी ती पहिली.

"आज्जी," तिनं विचारलं, "तिनं तर काहीच केलं नाही. मग ह्यांनी तिला का मारलं?"

दाजींनी पेपर जरा वर धरला. अक्कानं मेथीची जुडी सोडली, एक काडी खुडली, आणि मान वर न करता म्हणाली,

"मारायला कारण लागतंय व्हय, बाळा?"